आडव्या बाटलीनंतरची जागा

दारूदुकानाच्या मतदानाची मतपत्रिका अगदी साधी असते. तिच्यावर दोन चित्रं असतात, एक बाटली उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशानं ही रीत घालून दिली. गावातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्या-अंगठे करून अर्ज द्यायचा, राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या माणसांनी गावात येऊन ते पडताळायचे आणि मग गुप्त मतदान घ्यायचं. खरी कसोटी पुढेच आहे. मतदानाला किती जणी आल्या याला महत्त्व नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी बाई मजुरीसाठी नागपूर-रायपूरला गेली आहे, जी बाळंतपणाला माहेरी आहे, जी वारली पण नाव यादीतून उतरलं नाही, त्या सगळ्यांची मतं नकळत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतात. एवढं ओझं घेऊन बायका जिंकतात, तेव्हा गावात गुलाल उधळला जातो तो उगाच नाही.

वर्तमानपत्रातली बातमी गुलालापाशी संपते. माझा विषय तिथून सुरू होतो. दुकानाचं शटर खाली आलं, बोर्ड उतरवला, पेट्या गेल्या. मागे राहिली जागा. भर वस्तीत, रस्त्याला लागून, कधी बसथांब्याशी, कधी बाजाराच्या तोंडाशी. गावातली सर्वांत मोक्याची जागा, कारण मोक्याची नसती तर तिथं दुकान निघालंच नसतं. त्याच गावात दहा-पंधरा कुटुंबं अशी असतात, ज्यांचं नाव घरकुलाच्या यादीत आहे पण घर बांधायला वीतभर जागा नाही. या दोन गोष्टी एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असतात आणि त्यांची गाठ घालून देणारा एकही कायदा आपल्याकडे नाही.

हे लिहिण्यासाठी मी आमगाव निवडलं. या एका गावात प्रश्नाचे सगळे पीळ एकाच दोरात दिसतात.

आमगाव हे गोंदियाच्या पूर्वेचं तालुक्याचं गाव. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर गोंदिया सोडलं की गुदमा, मग आमगाव, पुढे धानोली, सालेकसा, दरेकसा करत गाडी छत्तीसगडात डोंगरगढला लागते. वाघ नदीच्या पल्याड मध्य प्रदेशचा लांजीचा मुलूख. इथला माणूस मराठी, हिंदी, पोवारी आणि झाडीबोली एका दमात बोलतो. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि मोहाची झाडं हा इथला मूळ संसार. शेजारच्या पदमपूरला संस्कृत नाटककार भवभूतीचं जन्मगाव मानतात. संशोधक वा. वि. मिराशींनी ते मत मांडलं आणि आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव आहे.

सीमेवरच्या गावाला तीन राज्यांचं दारूधोरण एकाच वेळी सोसावं लागतं. छत्तीसगडनं एप्रिल २०१७ पासून दुकानं खाजगी ठेकेदारांकडून काढून सरकारी महामंडळाकडे घेतली. मध्य प्रदेशनं १ एप्रिल २०२३ पासून अहाते बंद केले. दुकानाला लागून बसून प्यायची ती आवारं एका दिवसात रिकामी झाली. महाराष्ट्रात दुकान खाजगी परवानाधारकाचं, देखरेख सरकारची आणि बंद करण्याची वाट बायकांच्या मतातून जाणारी. तिन्ही राज्यांत एक गोष्ट मात्र सारखीच आहे. धोरण बदललं की एक जागा ओस पडते आणि त्या जागेचं पुढं काय, हे धोरणात कुठंच लिहिलेलं नसतं.

*

या मुलखात पिण्याच्या जागा किती वेळा उठल्या आणि किती वेळा पुन्हा बसल्या, हे पाहिल्याशिवाय आजचा पेच नीट कळत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहाट व्हायच्या आत बायका टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. आधीच झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करून ठेवलेली असते, म्हणजे पिवळसर पांढरी फुलं नीट दिसतात. रात्रभर गळलेली फुलं उन्हं चढायच्या आत वेचायची, अंगणात पसरून वाळवायची. वाळली की ती तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. काही पोटात जातात, काही जनावरांना, काही बाजारात आणि काही दारूला. दारूसाठी फुलं काही दिवस पाण्यात भिजत घालतात. आंबली की मडक्यात घालून चुलीवर चढवतात, तोंडावर दुसरं भांडं बसवून फटी मातीनं लिंपतात आणि वाफ नळीनं बाजूच्या, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवतात. वाफ थंड करायला पाणी हवंच. म्हणून भट्टी नेहमी नाल्याच्या, तलावाच्या, बोडीच्या काठानं असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, घराचा विषय निघाला की ती परत लागणार आहे.

इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या सरकारनं या भट्ट्यांचा लिलाव सुरू केला. बोली जिंकेल त्यानं एका टापूत दारू गाळायची आणि विकायची. पुढे मोठ्या सरकारी नियंत्रणातल्या भट्ट्यांतून माल पुरवायची पद्धत आली आणि गावात राहिली ती फक्त विक्रीची कलाली. बाजारच्या दिवशी तिथं गर्दी, एरवी चार-दोन माणसं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा हा मुलूख होता, मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आधीपासून होता आणि १९५९ साली तो विदर्भालाही लागू झाला. कलाल्या बसल्या. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली, १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ हा बोर्ड गावागावांत लागला. २०१६ च्या १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आणलं. रस्त्याकडेची असंख्य दुकानं तेव्हा एका रात्रीत बंद झाली.

म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत दारूची जागा इथं पुन्हा पुन्हा ओस पडली आहे. दर वेळी गावाला वाटलं, सुटलो. आणि दर वेळी ती जागा तशीच पडून राहिली, कारण कुणीतरी तिथं परत दुकान निघण्याची वाट पाहत होतं.

*

ही वाट पाहणं मोठं शहाणपणाचं असतं, असं परवानाधारकाच्या बाजूनं म्हणता येईल. महाराष्ट्रात देशी दारूचे नवे किरकोळ परवाने देणं सरकारनं कित्येक दशकांपूर्वीच थांबवलं. जे परवाने आहेत ते जुने आहेत आणि म्हणूनच ते सोन्याच्या मोलाचे आहेत. परवाना एका गावातून दुसऱ्या गावात हलवता येतो, एका नावावरून दुसऱ्या नावावर करता येतो. त्यामुळे आडवी बाटली जिंकली तरी परवाना मरतोच असं नाही, तो नवी जागा शोधतो. आणि जुनी जागा? तिचा मालक जर परवानाधारकच असेल तर तो ती विकत नाही. उद्या कायदा बदलेल, न्यायालय काही म्हणेल, नवं सरकार येईल, ही आशा त्याला सोडवत नाही.

ही आशा खोटी नसते हे चंद्रपूरनं दाखवून दिलं. श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी आणि हजारो बायकांनी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी मोर्चा नेला, वर्षानुवर्षं रेटा लावला, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. सहा वर्षं दुकानं बंद होती. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं बंदी उठवली आणि परवाने जिवंत झाले. सहा वर्षं ज्या जागा कुलपात होत्या त्यांचं या काळात दुसरं काही झालं असतं, तिथं वाचनालय असतं, पाळणाघर असतं, माणसं राहत असती, तर दुकानांना परत येणं इतकं सोपं गेलं नसतं. बंदी राहावी की जावी यावर मतभेद असू शकतात. माझं मत बायकांच्या बाजूचं आहे. पण रिकामी जागा ही बंदीच्या किल्ल्यातली उघडी वेस असते, हे तर उघड दिसतं.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथल्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यानं आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेच्या हातात बराच अधिकार दिला. गोंदिया जिल्ह्यात देवरी-सालेकशाच्या पट्ट्यात आदिवासी वस्ती दाट आहे, आमगावचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, तरी जिल्ह्याचा एकही भाग अनुसूचित क्षेत्रात नाही. जंगल तेच, मोह तोच, माणसं तीच, पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की ग्रामसभेचं बळ निम्मं होतं.

बरं, जागा नेहमी परवानाधारकाचीच असते असंही नाही. गावात फिरून पाहिलं तर तीन तऱ्हा दिसतात. कुठं भाड्याची खोली असते, मालक गावातलाच कुणी शेतकरी किंवा व्यापारी. दुकान गेलं की त्याचं दरमहाचं भाडं गेलं, त्याला दुसरा भाडेकरू हवा असतो. त्याच्याशी बोलणं शक्य असतं. कुठं ग्रामपंचायतीचा गाळा असतो, आणि तिथं तर निर्णय गावाच्याच हातात. तिसरी तऱ्हा सर्वांत अवघड, आबादीच्या किंवा सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षं उभं असलेलं टिनाचं शेड. कागद म्हणून दाखवायला असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो उतारा करआकारणीचा आहे, मालकीचा नाही. पण गावात पिढ्यान्‌पिढ्या तोच मालकीचा पुरावा म्हणून फिरतो. २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण शासनानं आणलं, त्याचा फायदा झोपडीला मिळतो. दुकानाच्या शेडला मिळू नये. म्हणजे अशा शेडखालची जमीन मुळात सरकारची आहे आणि ती परत घेणं कायद्यात बसतं. घेत कुणी नाही, कारण मोजणी करून हद्द दाखवल्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही.

गावठाणाच्या मोजणीसाठी केंद्रानं २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना काढली. चुन्यानं हद्दी आखायच्या, ड्रोननं फोटो काढायचे आणि प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची. या चुन्याच्या रेघेनं गावातली अनेक जुनी मौनं फोडली. पण ही योजना खेड्यांच्या गावठाणांसाठी आहे, आणि आमगाव खेडं आहे की शहर, या प्रश्नावर तर सगळं गाडं अडलं आहे.

*

राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचं ठरवलं, त्या लाटेत आमगाव आधी नगरपंचायत झालं. मग आसपासची गावं जोडून २०१७ च्या सुमारास नगर परिषद करण्यात आली. आमगाव, रिसामा, बनगाव, पदमपूर, कुंभारटोली, बिरसी, माल्ही, किडंगीपार अशी आठ गावं. लोकांतून विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. वर्षामागून वर्षं निवडणूक नाही, सरपंच नाही, नगराध्यक्ष नाही, कारभार प्रशासकाकडे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर या आठ गावांनी मतदानावर बहिष्काराची भाषा केली, आणि आम्हाला मध्य प्रदेशात टाका अशी मागणीही पुढं आली. महाराष्ट्राच्या टोकावरच्या मराठी माणसावर ही वेळ यावी, याची टोचणी मुंबईत कुणाला लागली असेल तर ती दिसली नाही.

बहिष्कारामागची तक्रार अगदी पोटाशी भिडलेली होती. नगर परिषद झाली म्हणजे रोजगार हमीची कामं गेली, कारण मनरेगा ग्रामीण भागासाठी आहे. ग्रामीण घरकुलाची यादी गेली, कारण तीही ग्रामीण भागासाठी. आणि शहरी योजनांचा लाभ पुरता हाती पडेना. ज्याचं घर कवेलूचं, भिंती मातीच्या, पावसाळ्यात ज्याच्या सपरीत टोपली-बादल्या मांडाव्या लागतात, त्याला सांगण्यात आलं की तू आता शहरात राहतोस. त्याच्या घरापुढची बांधी तीच, रोवणीला जाणारी बायको तीच.

आकड्यांत हा फरक असा दिसतो. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ, दुर्गम आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. त्याशिवाय मनरेगातून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं. जागा नसेल तर ग्रामविकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घ्यायला आधी ५० हजार मिळत, आता ती मर्यादा १ लाख आहे. शहरी योजनेत वैयक्तिक घराला केंद्र-राज्य मिळून अडीच लाख मिळतात. रक्कम मोठी, पण जमीन स्वतःची असली पाहिजे, तिचा कागद असला पाहिजे, नकाशा मंजूर झाला पाहिजे. ज्याला जमीनच नाही त्याच्यासाठी शहरी योजनेत भागीदारीतल्या गृहप्रकल्पाची वाट आहे, पण पहिल्या टप्प्याच्या नियमाप्रमाणे अशा प्रकल्पात किमान २५० घरं असावी लागत. आमगावच्या कुठल्याही टोलीवर सहा कुटुंबांसाठी सहा घरं बांधायची म्हटलं तर तो आकडा कुठून आणायचा? खेड्याची योजना निघून गेली आणि शहराची योजना मापात बसेना, असा हा तिढा.

याच २०१७ सालातली दुसरी गोष्ट इथंच नोंदवायला हवी. महामार्गावरच्या दारूबंदीचा निकाल नगरपालिकांच्या हद्दीतल्या परवानाधारक दुकानांना लागू नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये केला. म्हणजे एखादं गाव शहर ठरलं की महामार्गाचं बंधन सुटतं आणि दुकानाचा मार्ग मोकळा होतो. त्याच वेळी घरकुलाचा आणि रोजगार हमीचा मार्ग मात्र अडतो. या दोन गोष्टी कुणी जुळवून आणल्या असं माझं म्हणणं नाही. पण कागदावर एक शब्द बदलला आणि गरिबाच्या वाट्याला काय आलं, व्यापाराच्या वाट्याला काय आलं, हे समोरासमोर ठेवून पाहावं.

*

इंग्लंडातल्या खेड्यांत हाच प्रश्न उलट्या बाजूनं आला आहे. तिथला पब म्हणजे गावाची बैठक, तिथं लग्नाची बोलणी होतात, क्रिकेट संघाची निवड होते, म्हातारी माणसं संध्याकाळ घालवतात. धंदा बसला की मालक पब बंद करतो आणि त्या जागेवर घरं बांधायची परवानगी मागतो. घराच्या भावानं जागा विकली तर दारूच्या धंद्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा. गावकरी विरोधात उभे राहतात. आपल्याकडे बायका दुकान बंद व्हावं म्हणून उभ्या राहतात, तिकडे गाव ते चालू राहावं म्हणून. दोन समाजांत दारूचं स्थान इतकं वेगळं की तिथलं काहीच इकडे लागू पडू नये. पण त्यांनी या भांडणातून जो कायदा काढला तो आपण नीट वाचावा असा आहे.

२०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनं गावाला एक हक्क दिला. जी इमारत गावाच्या उपयोगाची आहे, ती स्थानिक परिषदेच्या यादीत नोंदवून घ्यायची. मग मालकानं ती विकायला काढली तर गावातल्या संस्थेला सहा आठवड्यांत कळवता येतं की आम्हालाही ती घ्यायची आहे. तसं कळवलं की एकूण सहा महिने विक्री थांबते. या मुदतीत गावानं पैसे जमवायचे. मालकावर त्यांनाच विकण्याची सक्ती नाही, फक्त वेळ मिळतो. आणि २३ मे २०१७ पासून पबचा वापर बदलायचा असेल तर नियोजन परवानगी घ्यावीच लागते, परस्पर बदलता येत नाही. म्हणजे जागा खाजगी, पण तिच्या पुढच्या जन्माबद्दल गावाला विचारावं लागतं. अनेक ठिकाणी शेवटी घरंच होतात, पण त्याआधी गावाचं म्हणणं कागदावर येतं.

परदेशात जायचं नसेल तर मुंबईच्या गिरण्या आहेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला, आणि गिरणी कामगारांच्या घराचा प्रश्न अजून धुमसतो आहे. त्या मूळ नियमातलं तत्त्व मला आजही बरोबर वाटतं. एखादी जागा जुना धंदा संपून नव्या वापराला येते, तेव्हा त्या धंद्याची झळ ज्यांनी सोसली त्यांचा तिच्यात वाटा असतो.

दारूच्या दुकानाची झळ कुणी सोसली, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. नवऱ्याची मजुरी दुकानाच्या खिडकीतच संपली म्हणून जिनं दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, ती. अर्जावर पहिला अंगठा तिचाच असतो. मतदानाच्या दिवशी रांगेत पुढं तीच असते. आणि घर तिच्या नावावर नसतं. सासऱ्याच्या नावावरच्या घरात दीर-जावांसह दाटीवाटीनं राहते, नवरा गेल्यावर तिथंही तिचं राहणं इतरांच्या मर्जीवर. ग्रामीण आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायकोच्या जोडनावे द्यायचं, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण जागाच नसेल तर नियमाला धरायला काही उरत नाही. म्हणून मला वाटतं, बंद झालेल्या दारूदुकानाच्या जागेवर पहिला हक्क याच बायकांचा असला पाहिजे, आणि तसं कायद्यात लिहिलं गेलं पाहिजे.

*

हे होऊ शकतं का, याचा हिशेब मांडून पाहू. रस्त्याकडेची तीन हजार चौरस फुटांची जागा धरली तर दीनदयाळ योजनेच्या ५०० चौरस फुटांच्या मापानं सहा कुटुंबं बसतात. प्रत्येकी लाखभर धरलं तर जागेसाठी सहा लाखांपर्यंत रक्कम उभी राहते. तालुक्याच्या गावात रस्त्यावरच्या जागेला बाजारभावानं हे पुरणार नाही. पण आतल्या आळीतल्या जागेला, किंवा जिथं मालकाचं भाडं बुडालं आहे आणि दुसरा गिऱ्हाईक लागत नाही तिथं बोलणं होऊ शकतं. ग्रामपंचायतीच्या गाळ्याखालची किंवा सरकारी जमीन असेल तर किमतीचा प्रश्नच येत नाही, ठराव आणि आदेश हवा.

पाचशे फुटांत खेड्यातलं घर मावतं का, हा आक्षेप खरा आहे. इथल्या घराला पुढं आंगण लागतं आणि मागं सांदवाडी. धान वाळवायचं, मोहफुलं पसरायची, शेळी बांधायची, सरपण रचायचं. चार भिंतींत हे सगळं बसत नाही. म्हणून सहा वेगवेगळी खोकी न बांधता आंगण सामाईक ठेवून घरं दोन बाजूंना घेणं शहाणपणाचं. जुन्या आळ्यांत भावकीची घरं अशीच होती. २५ चौरस मीटर म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. पाचशेतले सव्वादोनशे फूट प्रत्येकीकडे उरतात. ते एकत्र केले तर साडेतेराशे फुटांचं आंगण होतं, आणि कुंपणं घालून वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला एक बोळ येतो.

जागा हातात आल्यावर पहिलं काम मातीचं. दुकानाच्या आवारात वर्षानुवर्षांच्या काचा रुतलेल्या असतात. वरवर झाडून त्या जात नाहीत, कुदळीनं वीतभर खणलं तरी हिरव्या-पांढऱ्या कपच्या निघतच राहतात. उघड्या पायांनी खेळणारी पोरं तिथं राहणार आहेत, तेव्हा वरचा थर उचलून मुरूम टाकल्याशिवाय जोतं घेऊ नये. दुसरं, पाण्याचं. मघाशी म्हटलं ते इथं लागतं. जुन्या कलालीची आणि भट्टीची जागा बऱ्याचदा नाल्या-तलावाच्या काठाची, सखल. तिथं घर बांधायचं तर म्हाताऱ्यांना विचारून पुराची जुनी खूण पाहावी, आणि शंका असेल तर ती जागा घराला नको, झाडांना द्यावी. रस्त्याकडेची देशी दुकानाची जागा त्या मानानं उंच असते. तिचा धोका वाहनांचा, म्हणून दारं रस्त्याकडे न काढता आतल्या आंगणाकडे काढावीत.

वाळूचं म्हणाल तर घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं शासनाचं धोरण आहे. घाटावरून घरापर्यंतचं भाडं मात्र लाभार्थ्याच्या माथी. हप्त्यांचं तर सगळ्यांना पाठ असतं. मंजुरीला पहिला, मग जोत्याचा फोटो, मग छताचा फोटो, फोटो चढला की पुढचा. “हप्ता पडला का?” हा पूर्व विदर्भातल्या प्रत्येक गावातला रोजचा प्रश्न आहे. अर्धवट उभ्या भिंतींवर ताडपत्री टाकून पावसाळा काढणारी कुटुंबं त्याच प्रश्नात अडकलेली असतात.

या सगळ्यात धानाच्या बांध्यांचाही फायदा आहे, जो सहसा कुणी मोजत नाही. आमगाव वाढतं आहे ते बाहेरच्या अंगानं, रस्त्याकडेच्या बांध्या बुजवून, प्लॉट पाडून. एकदा धुरे मोडून मुरूम पडला की ती बांधी परत धान देत नाही आणि तिच्यातून खाली वाहणारं पाणी शेजारच्याच्या शेतात घुसतं. गावाच्या पोटातली बंद दुकानं, पडकी गोदामं, ओस आवारं आधी वापरात आली तर तेवढ्या बांध्या वाचतील. रस्ता, वीज, नळ, शाळा सगळं तिथं आधीपासून आहे.

पण हे ठरवायचं कुणी? खेडं असतं तर बायकांनी ग्रामसभेत ठराव मांडला असता. तंटामुक्त गाव समित्यांनी २००७ नंतर या जिल्ह्यात दारूविरोधात केलेलं काम पाहता तो मंजूरही झाला असता. नगर परिषदेत ग्रामसभा नाही. नगरसेवक असते तर त्यांच्या दारात जाता आलं असतं. या आठ गावांत तेही दार वर्षानुवर्षं बंद होतं. प्रभागातल्या बायकांना मतदानानं दुकान बंद करता येतं, पण बंद झालेल्या जागेबद्दल बोलायला त्यांना सभा नाही.

शासनाकडे माझी मागणी दोन कलमांची आहे. पहिलं, २००८ च्या आदेशात भर घालून, मतदानानं किंवा अंतराच्या नियमानं बंद झालेल्या जागेची विक्री वा वापरबदल सहा महिने थांबवावा आणि त्या मुदतीत गावाला किंवा प्रभागाला सरकारी दरानं ती घेण्याचा पहिला हक्क द्यावा. आणि घरकुलाच्या यादीतल्या भूमिहीन बायकांना, त्यातही एकल बायकांना, तिथं आधी जागा द्यावी. दुसरं, ज्या गावांचा दर्जा न्यायालयात अडकला आहे तिथं निकाल लागेपर्यंत जागाखरेदीची ग्रामीण योजना चालू ठेवावी.

पहिलं कलम व्हायला वेळ लागेल. तोवर आमगावात एक काम न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता होऊ शकतं. उत्पादन शुल्क खात्याकडे बंद झालेल्या आणि हललेल्या परवान्यांचे जुने पत्ते असतात. भूमी अभिलेख कार्यालयाकडे त्या जागांचे क्रमांक आहेत, नगर परिषदेकडे कराच्या नोंदी आहेत. तिन्ही कागद एका टेबलावर आणून आठ गावांतल्या अशा जागांची यादी करायची, सरकारी कुठली, पंचायतीची कुठली, खाजगी कुठली ते लिहायचं आणि ती यादी आठही गावांत चावडीवर लावायची. एवढं करायला प्रशासकाची एक सही पुरते.